रूथनं बांधलेलं घर, रूथच्याच नावावर उधारी

न्यूयॉर्कच्या संगीतधंद्यात अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीला एक टोपणनाव पडलं होतं, 'रूथनं बांधलेलं घर'. हे शब्द मूळचे बेसबॉलमधले. बेब रूथ या खेळाडूच्या लोकप्रियतेवर यांकी स्टेडियम उभं राहिलं, म्हणून लोक त्या स्टेडियमला तसं म्हणत. अटलांटिकच्या बाबतीत रूथ म्हणजे रूथ ब्राउन. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही कंपनी नवखी होती, भांडवल तुटपुंजं होतं, आणि रूथच्या गाण्यांच्या विक्रीवर कंपनीचा संसार चालला होता. त्यानंतर दीड दशकानं हीच बाई लाँग आयलंडमध्ये शाळेची बस चालवत होती, दुसऱ्यांच्या घरी साफसफाई करत होती. कंपनीच्या खातेवहीत तिचं येणं निघत नव्हतं. उलट तिच्याच नावावर देणं दिसत होतं.

हे कसं होतं? कुणी पैसे खाल्ले, एवढं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. रेकॉर्डच्या धंद्यातला हिशेब कसा मांडला जात होता हे समजून घ्यावं लागतं. पण त्याआधी ती गात काय होती ते सांगायला हवं, नाहीतर सगळी गोष्ट नुसत्या वहीखात्याची होऊन बसेल.

ती गायची ते 'ऱ्हिदम अँड ब्लूज', कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ठेक्याचं गाणं. हे नाव आधी बाजारातलं आहे, संगीतातलं नंतर. १९२० साली मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' धडाक्यात खपलं आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाईक रेकॉर्डी विकत घेतं, हे कंपन्यांना पहिल्यांदा नीट कळलं. त्या मालासाठी वेगळा कप्पा झाला, त्याला 'रेस रेकॉर्ड्स' म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा शब्द कानाला खटकायला लागला. तेव्हा 'बिलबोर्ड' या धंद्याच्या साप्ताहिकात काम करणाऱ्या जेरी वेक्सलरनं नवं नाव सुचवलं आणि १९४९ च्या जूनपासून त्यातल्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीचा मथळा 'ऱ्हिदम अँड ब्लूज' झाला. मथळा बदलला, कप्पा तोच राहिला. कृष्णवर्णीयांची यादी वेगळी, 'पॉप' म्हणजे बहुतेक गोऱ्यांची यादी वेगळी. पुढच्या गोष्टीत या दोन याद्यांचा फार संबंध येतो.

रूथचा जन्म १२ जानेवारी १९२८ चा, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथ या बंदराच्या गावचा. सात भावंडांत ती थोरली. वडील गोदीत काम करत आणि चर्चमधल्या गानवृंदाचे प्रमुख होते. उन्हाळ्यात मुलं नॉर्थ कॅरोलिनात आजीच्या शेतावर कापूस वेचायला जात. चर्चबाहेरचं गाणं वडिलांना मान्य नव्हतं, त्यामुळे ती चोरून गायची. १९४५ साली जिमी ब्राउन या ट्रम्पेटवाल्याबरोबर ती घरातून पळून गेली. लग्न केलं, मग कळलं की त्याचं आधीच एक लग्न झालेलं आहे. लग्न टिकलं नाही, आडनाव मात्र राहिलं.

लकी मिलिंडरच्या मोठ्या वाद्यवृंदात तिला संधी मिळाली आणि महिन्याभरात गेलीही. कारण काय, तर वादकांना तिनं फुकटात सरबतं नेऊन दिली! वॉशिंग्टनमध्ये पैशांविना अडकलेल्या या पोरीला ब्लांच कॅलोवेनं हात दिला. ब्लांच स्वतः एकेकाळी वाद्यवृंद चालवणारी बाई, आता तिथला क्रिस्टल कॅव्हर्न्स हा नाइटक्लब सांभाळत होती. तिनं रूथला गायला ठेवलं आणि तिची मॅनेजर झाली. तिथं रेडिओवरच्या विलिस कॉनोव्हरनं तिला ऐकलं आणि अटलांटिकच्या मंडळींना कळवलं.

१९४८ च्या ऑक्टोबरात करारासाठी आणि अपोलो थिएटरच्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला निघालेली गाडी पेनसिल्व्हेनियात चेस्टरजवळ अपघातात सापडली. दोन्ही पायांचा चुराडा झाला. ती कित्येक महिने इस्पितळात होती. अटलांटिकचा अहमत एर्तेगुन तिथं कागद घेऊन गेला आणि तिच्या एकविसाव्या वाढदिवशी खाटेवरच सह्या झाल्या. येताना त्यानं तिच्यासाठी संगीतलेखन वाचायला शिकवणारं पुस्तक आणि सूर लावायची छोटी शिट्टी आणली होती, कारण रूथ सगळं कानानं ऐकून गायची. हा प्रसंग मला नेहमी थांबवतो. त्यात खरा जिव्हाळा आहे, आणि ज्या करारानं पुढे चाळीस वर्षं डोकेदुखी झाली तोही त्याच खाटेवरचा आहे. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. एर्तेगुनला ही गाणी मनापासून आवडत. तुर्की राजदूताचा हा मुलगा, घरच्या दंतवैद्याकडून दहा हजार डॉलर उसने घेऊन १९४७ साली हर्ब अब्रॅमसनबरोबर धंद्यात पडलेला. पुढे छप्पन्नाव्या रस्त्यावरच्या त्यांच्या कचेरीत संध्याकाळी टेबलं बाजूला सरकवून तिथंच ध्वनिमुद्रण चालायचं.

कुबड्या घेऊन ती गायला उभी राहिली. १९४९ चं 'सो लाँग' चाललं. ते संथ, हळवं गाणं होतं आणि तिला तशीच गाणी आवडत. सारा व्हॉन, बिली हॉलिडे, डायना वॉशिंग्टन या तिच्या आदर्श. कंपनीनं मात्र रूडी टूम्ब्सचं 'टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' हे उडत्या चालीचं गाणं पुढ्यात ठेवलं. ती नाखूश होती. १९५० साली ते बाहेर पडलं आणि अकरा आठवडे ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिलं.

त्यात काय होतं ते कानानं तपासू. आपल्याकडे ताल ऐकताना मन समेकडे, पहिल्या मात्रेकडे धावतं. या संगीतात चार मात्रांपैकी जोर असतो दुसरीवर आणि चौथीवर, म्हणजे आपण जिथं टाळी देऊ त्याच्या पुढच्या जागेवर. त्यामुळे चालीला मागून कुणी तरी ढकलतंय असं वाटतं, आणि पाय आपोआप हलतात. १९५३ चं 'मामा, ही ट्रीट्स युवर डॉटर मीन' ऐकताना खंजिरी हेच काम करताना कळते. त्या हलत्या पायावर रूथ आईकडे नवऱ्याची तक्रार करते. 'मामा' हा शब्द ती सरळ संपवत नाही. शेवटाला आवाज एकदम फाटून वर उडतो, जेमतेम अर्धी मात्रा, आणि परत खाली येतो. तक्रार आणि खोडी दोन्ही त्या एका फाटण्यात आहेत. हे तंत्र शिकवून येत नाही. चर्चमध्ये आनंदानं ओरडणारा आवाज आणि ब्लूजमध्ये कण्हणारा आवाज एका गळ्यात राहिले की तसं होतं. लिटल रिचर्डनं आपल्या गाण्यात शब्दाच्या टोकाला जो हुंकार जोडला, तो आपण रूथकडून उचलला असं त्यानं स्वतःच सांगितलं आहे. म्हणजे रॉक अँड रोलच्या ज्या किंकाळीवर जग वेडं झालं, तिचं एक मूळ या बाईच्या गळ्यात आहे. हे पुरेसं सांगितलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

१९४९ ते १९५५ या काळात तिच्या रेकॉर्डी मिळून १४९ आठवडे त्या यादीत होत्या. पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. गायक फ्रँकी लेननं तिला 'मिस ऱ्हिदम' हे नाव दिलं, ते कायमचं चिकटलं.

एवढं गाजल्यावर पैसा कुठून यायचा? मुख्यतः दौऱ्यांतून. अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा वंशभेदाचे कायदे होते. तंबाखूच्या वखारीत नाच-गाण्याचा कार्यक्रम असायचा, आणि अनेक ठिकाणी मधोमध दोरी बांधलेली, इकडे कृष्णवर्णीय, तिकडे गोरे. ज्या गायिकेला ऐकायला दोन्ही बाजू आल्या तिला त्या गावातल्या हॉटेलात खोली मिळत नसे, पेट्रोलपंपावरचं स्वच्छतागृह वापरता येत नसे. तरी रोख पैसे हातात पडत. दौरे चालू होते तोवर रेकॉर्डीच्या हिश्शाचं काय, हे विचारायची वेळच फारशी आली नाही.

आता याद्यांकडे परत येऊ. रूथचं गाणं कृष्णवर्णीयांच्या यादीत वर चढलं की एखादी मोठी कंपनी तेच गाणं गोऱ्या गायिकेकडून गाऊन घेऊन पॉपच्या यादीत उतरवायची. तिचं 'ओ व्हॉट अ ड्रीम' पॅटी पेजनं गायलं, 'मॅम्बो बेबी' जॉर्जिया गिब्जनं. कायद्यानं यात चोरी नव्हती. १९०९ च्या अमेरिकी कायद्यानुसार एकदा ध्वनिमुद्रित झालेलं गाणं कुणीही पुन्हा गाऊ शकत होतं, गीत-संगीताच्या मालकाला प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट दिले की झालं. पण त्या गाण्याची लकब, थांबे, वाद्यांची मांडणी, म्हणजे ज्यामुळे गाणं चाललं ते सगळं, याला कायद्यात मालकच नव्हता. अटलांटिकचीच दुसरी गायिका लाव्हर्न बेकर हिचं 'ट्वीडल डी' गिब्जनं जवळजवळ हुबेहूब उतरवलं. बेकर चिडली, आणि तिनं १९५५ साली डेट्रॉइटचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून कायदा बदलायची मागणी केली. त्या पत्रातून काही निष्पन्न झालं नाही.

रेडिओचंही तसंच. अमेरिकेत रेडिओनं गाणं वाजवलं की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गायकाला नाही. रूथ बहुतेक गाणी स्वतः लिहीत नव्हती. त्यामुळे देशभर तिचा आवाज वाजत असला तरी त्या वाजण्याचा एक सेंटही तिला मिळायचा नाही. गायकाकडे उरतो एकच मार्ग, रेकॉर्डविक्रीतला हिस्सा, म्हणजे रॉयल्टी.

आणि इथंच खरी मेख आहे. ती कळायला मराठीत एक नेमका शब्द आहे, 'उचल'. ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर राबून ती फेडतो. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर बाकी. रेकॉर्ड करार याच जातीचा असतो. फरक एवढाच की यात गायिकेनं हातात घेतलेली रक्कमच नव्हे, तर स्टुडिओ, वादकांची मजुरी, संगीत संयोजन हा ध्वनिमुद्रणाचा खर्चही तिच्या उचलीत धरतात.

एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा एका रेकॉर्डीमागे कंपनीला एक रुपया मिळतो आणि गायिकेचा हिस्सा त्यात पाच पैसे. ध्वनिमुद्रणाला हजार रुपये लागले, ते तिच्या नावे लिहिले. रेकॉर्डीच्या वीस हजार प्रती खपल्या. कंपनीकडे आले वीस हजार रुपये. गायिकेचा हिस्सा झाला एक हजार, आणि तो उचलीत वळता झाला. तिच्या हातात शून्य. कंपनीला छपाई, वितरण, दुकानदार यांचा खर्च आहे हे खरं, पण ध्वनिमुद्रणाचे हजार रुपये तर कंपनीच्या तिजोरीत केव्हाच भरून आले आहेत. म्हणजे खर्च वसूल होतो एकूण विक्रीतून नव्हे, तर गायिकेच्या पाच पैशांतून. चूक कुठेही नाही, बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, आणि तरीही गाणं गाजलं असताना तिला काही मिळत नाही.

त्यात आणखी दोन गोष्टी घाला. एक म्हणजे सगळ्या गाण्यांचं खातं एकच. एक गाणं तुफान चाललं आणि पुढची चार पडली, तर पडलेल्या चारांचा खर्च चाललेल्या एकाच्या हिश्शातून कापला जातो. दुसरी म्हणजे फुटतुटीची कपात. ७८ च्या वेगाच्या जुन्या रेकॉर्डी लाखेच्या मिश्रणाच्या असत, वाटेत फुटत. म्हणून शंभर प्रती गेल्या तरी रॉयल्टी नव्वदांवरच द्यायची, अशी रीत होती. पुढे न फुटणारं व्हिनाइल आलं, तरी ही कलमं करारांतून लगेच गेली नाहीत.

या हिशेबातली सगळ्यात जड गोष्ट मात्र आकड्यांची नाहीच. वही कंपनीकडे असते. किती प्रती छापल्या, किती परत आल्या, परदेशात कुणाला हक्क दिले, हे गायिकेला दिसत नाही. करार संपला तरी जुनी बाकी तशीच राहते. दहा-वीस वर्षांनी तीच गाणी नव्या संचांत पुन्हा निघाली तर तिचा हिस्सा त्या जुन्या बाकीच्या पोटात जातो. रूथनं १९६१ साली अटलांटिक सोडलं. १९६७ साली मालकांनी कंपनी वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्सला एक कोटी पंचाहत्तर लाख डॉलरना विकली. घर विकलं गेलं तेव्हा ते बांधणारी रूथ दोन मुलं वाढवत होती आणि मिळेल ते काम करत होती. या कामांबद्दल तिला कधी लाज वाटली नाही. लोकांनी तिला ओळखलं नाही, एवढंच.

१९७० च्या दशकाच्या मध्यात विनोदी नट रेड फॉक्सनं तिला पुन्हा रंगमंचावर आणलं. मग १९८० च्या दशकात हॉवेल बेगल हा वॉशिंग्टनचा वकील तिच्या जुन्या रेकॉर्डी सहीसाठी घेऊन तिला भेटला. लहानपणापासून तो तिचा चाहता. महागामोलाच्या, नव्यानं निघालेल्या, परदेशी छापाच्या रेकॉर्डी होत्या त्या. बोलता बोलता कळलं की यातल्या कशाचेही पैसे तिला मिळालेले नाहीत, वर्षानुवर्षं साधा हिशेबाचा कागदही आलेला नाही. बेगलनं एक पैसा न घेता तिचं काम अंगावर घेतलं.

कोर्टात जुने दावे टिकणं अवघड होतं, कारण मुदत उलटून गेलेली. म्हणून त्यानं चहूबाजूंनी दबाव आणला. काँग्रेस सदस्य जॉन कॉनयर्स आणि मिकी लेलँड, नागरी हक्क चळवळीतले जेसी जॅक्सन असे लोक पाठीशी उभे केले. रूथ जिथं मुलाखत देई तिथं हा विषय काढी. आणि तिनं फक्त आपल्यापुरतं मागितलं नाही, हे मला तिच्या सगळ्या गाण्यांइतकंच मोठं वाटतं. तिच्या पिढीतले कितीतरी गायक-वादक तसेच अडकले होते, कुणी आजारी, कुणाला औषधाला पैसे नव्हते.

मे १९८८ मध्ये अटलांटिकचा चाळिसाव्या वर्षाचा जंगी सोहळा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्हायचा होता. तो तोंडावर असताना कंपनी राजी झाली. रूथसह तीसहून अधिक जुन्या कलावंतांची फेडायची राहिलेली बाकी वहीतून पुसली आणि मागच्या सुमारे दोन दशकांची रॉयल्टी द्यायचं ठरलं. शिवाय 'ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन' या संस्थेसाठी पंधरा-वीस लाख डॉलर दिले. या संस्थेनं जुन्या कलावंतांना मानधन दिलं, आजारपणात आणि अडीनडीला मदत केली. गायिका बॉनी रेट सुरुवातीपासून या कामात होती.

हिशेबात यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ बाकी पुसण्याची आहे, धनादेशाची नव्हे. कारण बाकी शून्य झाली की पुढच्या प्रत्येक विक्रीतला हिस्सा थेट हातात येतो. ते भोक बुजवल्याशिवाय कितीही पाणी ओता, घागर भरणार नव्हती.

त्याच सुमाराला तिचं नशीबही फिरलं. १९८९ साली ब्रॉडवेवरच्या 'ब्लॅक अँड ब्लू' साठी टोनी पुरस्कार मिळाला, पाठोपाठ ग्रॅमी, आणि १९९३ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. १७ नोव्हेंबर २००६ रोजी ७८ व्या वर्षी नेवाडात ती गेली.

अमेरिकेतला साधा एएम-एफएम रेडिओ गायकाला आजही काही देत नाही. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओला मात्र १९९० च्या दशकातल्या कायद्यांनी द्यायला लावलं, पण १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना त्यात नीट जागा नव्हती. रूथची गाजलेली सगळी गाणी त्याआधीची. २०१८ च्या नव्या कायद्यानं ती फट बुजवली. आता १९५० चं 'टिअरड्रॉप्स' इंटरनेट किंवा उपग्रह रेडिओवर वाजलं की शंभरातले पंचेचाळीस हिस्से मुख्य गायिकेच्या नावे निघतात, पाच साथीच्या कलावंतांचे, पन्नास ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे. गायिकेचे पंचेचाळीस कंपनीमार्फत जात नाहीत. वसुली करणारी संस्था ते थेट तिला किंवा तिच्या वारसांना देते, त्यामुळे कुठल्याही जुन्या उचलीत ते वळते करता येत नाहीत.